सुई आणि आकडा
इन्सुलिन हे संप्रेरक घरीच टोचावयाचे म्हटले की प्रथम भय वाटते ते सुईचे. कोळारला मातोश्रींना टोचताना आमचेही हात थरथरले. पुढे उमगले की, खरी काळजी घ्यावयाची ती आकड्यांची. कुपीवर यू-40 असेल तर लाल टोपणाची सिरिंज हवी, यू-100 असेल तर नारिंगी. यू-100 चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने भरले, तर मात्रा अडीचपट होऊन रक्तातील साखर जिवावर बेतण्याइतकी उतरू शकते. 1922 साली टोरांटोत 14 वर्षांच्या मुलास याच औषधाने जीवदान दिले. त्याची धास्ती नको, दक्षता हवी. आमच्या घरी एकाने दोन्ही आकडे मोठ्याने वाचावयाचे, दुसऱ्याने पडताळावयाचे, मगच टोचावयाचे, असा नेम आहे. साखरेचा डबाही हाताशी असतो.