चावीवाले काका

फोनच्या वरच्या पट्टीत, बॅटरीच्या आसपास, एक इवलीशी चावी दिसते. अँड्रॉइडवर व्हीपीएन चालू असल्याची ती खूण. पुण्यातल्या एका टेस्टिंग टीममध्ये या चावीमागच्या गृहस्थांना ‘चावीवाले काका’ म्हणतात. कागदोपत्री नाव वायरगार्ड. नवीन मुलं पहिल्या दिवशी हसतात आणि आठवडाभरात स्वतःच “अरे, काका चालू आहेत का बघ जरा” असं हॉलभर ओरडू लागतात.

काकांचं काम निरोप्याचं. फोनवरचं ॲप सर्व्हरला जे काही सांगतं ते सगळं उचलायचं आणि परस्पर न धाडता आधी कोपऱ्यातल्या डेस्कटॉपवर नेऊन द्यायचं. तिथे मिटमप्रॉक्सी नावाचा दुसरा गडी बसलेला. तो पाकीट फोडतो, आत काय आहे ते टेस्टरला दाखवतो, पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. कूपन लावल्यावर ॲपने नेमकी कुठली किंमत कळवली, सर्व्हरने 500 चा एरर दिला तेव्हा ॲपने काय केलं, हे तिथे उघड दिसतं. काका मात्र पाकीट कधी उघडून बघत नाहीत. वाहणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा, ही वाटणी टीममधल्या निम्म्या लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि मग बोलणी खातात ते काका.

त्यांच्याआधी या जागेवर वाय-फायचं मॅन्युअल प्रॉक्सी होतं. नेटवर्कच्या नावावर बोट दाबून धरायचं, सेटिंग उघडायचं, संगणकाचा आयपी पत्ता आणि पोर्ट 8080 भरायचं. त्याचा स्वभाव विसरभोळा नव्हता, उलट कधीच न विसरणारा होता. काम संपवून संगणक बंद केला तरी फोन त्याच पत्त्यावर धडका देत राही, आणि दुसऱ्या दिवशी तो फोन उचलणारा “नेट नाहीये” म्हणून आयटीवाल्यांशी भांडत बसे. शिवाय फ्लटरमध्ये बांधलेली ॲप त्याला विचारतच नसत. फ्लटरच्या डार्ट भाषेतला एचटीटीपी क्लायंट फोनचं प्रॉक्सी सेटिंग आपणहून बघत नाही. त्यामुळे ब्राउझर नीट दिसायचा आणि तपासायचं ॲप मात्र मागच्या दाराने निघून जायचं. ऑक्टोबर 2022 मध्ये मिटमप्रॉक्सीच्या नवव्या आवृत्तीत वायरगार्ड मोड आला आणि हा प्रश्न सुटला. व्हीपीएन ॲपच्या खालच्या थरात बसतं, ॲपची मर्जी विचारत नाही. फोनवर वायरगार्ड टाकायचं, क्यूआर स्कॅन करायचा, बटण सरकवायचं. काका हजर.

घराणं चांगलं आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी वायरगार्ड लिहिलं तेव्हा मूळ गाभा चार हजार ओळींच्या आसपास ठेवला. जुन्या व्हीपीएनचे पसारे पाहिलेल्यांना या आटोपशीरपणाचं मोल कळतं. मार्च 2020 मध्ये ते लिनक्सच्या 5.6 कर्नलमध्ये दाखल झालं. पण घराणं कितीही चांगलं असलं तरी माणसासोबत रोज काम करताना त्याच्या सवयीच भोवतात, आणि काकांची मोठी सवय म्हणजे मौन.

ते कधीही तक्रार करत नाहीत. डेस्कटॉप बंद असो, पत्ता चुकलेला असो, फायरवॉल आडवी आलेली असो, फोनवरचं बटण चालूच दिसतं आणि चावी जागच्या जागी असते. ‘कनेक्ट झालो’ किंवा ‘झालो नाही’ असं सांगायची पद्धत त्यांच्यात नाही. समोरच्यालाही तोच नियम. ओळख न पटलेल्याला डेस्कटॉपवरचा वायरगार्ड सर्व्हर नकारसुद्धा देत नाही, नुसता गप्प राहतो. सुरक्षेच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट. संध्याकाळी सहाला रिलीज असताना मात्र जीव काढते. काकांची खरी तब्येत पाहायची तर ॲपमधला टनेलचा तपशील उघडायचा. मिळालेले बाइट शून्य आणि पाठवलेले 148, मग 296, मग 444 असे चढत असतील, तर ओळखावं की काका दर पाच सेकंदांनी दार ठोठावतायत आणि आत कोणी नाही. ओळखीचा पहिला निरोप बरोबर 148 बाइटांचा असतो. टीममधली एक मुलगी हा आकडा लांबून पाहून निदान सांगते. बाकीचे फोन रीस्टार्ट करतात.

दुसरी सवय अशी की त्यांना चेहरे कळत नाहीत, फक्त चावी कळते; पट्टीतली नव्हे, ओळख पटवणारी. सर्व्हरला फोनचं मॉडेल, धरणाऱ्याचं नाव यांच्याशी देणंघेणं नाही. एकच चावी दोन फोनांत असली की शेवटी जो बोलला तो खरा, आणि उत्तरं त्याच्याकडे वळतात. मग एका फोनवर लॉगिन अडकतं, तो हलवला की दुसऱ्यावर अडकतं. एकदा हे भूत दिवसभर नाचलं. कारण निघालं ते असं: कोणीतरी क्यूआरचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, सगळ्यांची सोय व्हावी म्हणून. त्या क्यूआरच्या ठिपक्यांमध्ये फोनची खासगी चावी असते. म्हणजे तो फोटो टाकणं म्हणजे डुप्लिकेट चाव्या वाटणं. तेव्हापासून प्रत्येक फोनला स्वतंत्र फाइल आणि स्वतंत्र पोर्ट दिलं जातं, 51820, 51821 असं पुढे. फोनच्या पाठीला स्टिकर, स्टिकरचा नंबर शीटमध्ये. डेस्कटॉपचा आयपीही राउटरमध्ये पक्का करून घेतला. एवढ्या तंत्रज्ञानानंतर सगळं येऊन थांबलं ते स्टिकरवर, आणि मला तरी यात काही कमीपणा वाटत नाही.

तिसरी खोड घड्याळाची. जुना निरोप चोरून कोणी पुन्हा वाजवू नये म्हणून काका प्रत्येक ओळखीच्या निरोपावर वेळ लिहितात, आणि सर्व्हर आधीपेक्षा मागची वेळ मान्य करत नाही. आता टेस्टर लोकांचा आवडता खेळ कोणता? कूपनची मुदत संपल्यावर काय होतं ते बघायला फोनची तारीख दोन महिने पुढे ढकलायची. काम झालं की परत आजची तारीख. पुढच्या तारखेला एकदा जरी हँडशेक झाला असेल, तर आजच्या तारखेचे काका सर्व्हरच्या लेखी भूतकाळातून आलेले ठरतात. पुन्हा तेच: बटण चालू, चावी जागेवर, उत्तर नाही. मिटमप्रॉक्सी बंद करून पुन्हा सुरू केलं की ती आठवण पुसली जाते.

सर्टिफिकेटचा मामला काकांचा नव्हे, पण दोष त्यांच्याच नावावर जमा होतो. पाकीट फोडणाऱ्यावर फोनने विश्वास ठेवावा म्हणून त्याचं सर्टिफिकेट फोनमध्ये बसवावं लागतं. आयफोनवर प्रोफाइल टाकून भागत नाही. जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज असं आत शिरून आणखी एक बटण सरकवावं लागतं. अँड्रॉइडने 2016 च्या सातव्या आवृत्तीपासून हात आखडता घेतला. वापरकर्त्याने टाकलेलं सर्टिफिकेट ॲप आपणहून मानत नाहीत, डेव्हलपरने डीबग बिल्डमध्ये तशी मुभा द्यावी लागते. बँकांची बरीच ॲप तर पिनिंग करून बसलेली असतात, त्यांना परकं सर्टिफिकेट दिसलं की दारच बंद. हे सगळे अडथळे मला योग्य वाटतात. जो फोन असल्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवतो त्याचं पाकीट फोडता येतं, मग फोडणारा आपला असो की दुसरा.

म्हणून स्वतःच्या फोनवर हे बसवू नये. यात ‘फक्त आजच्या दिवस’ चालत नाही. यूपीआय, डॉक्टरचे रिपोर्ट, घरच्यांचे मेसेज ज्या फोनवर आहेत, तो फोन टेस्टिंगच्या रॅकवरचा नाही. आणखी एक जागा जपायची. डेस्कटॉपवरच्या मिटमप्रॉक्सीच्या फोल्डरमध्ये जवळपास एकाच नावाच्या दोन पेम फाइली असतात. ज्या नावात ‘सर्ट’ आहे ती वाटायची असते. दुसरीत खासगी किल्ली असते, ती मिळाली की कोणीही त्या टीमच्या फोनांसमोर खोटा सर्व्हर बनून बसू शकतो. घाईत अटॅच करताना नेमकी दुसरीवर बोट पडतं.

महिन्याअखेर कोणी टीम सोडतं, फोन रॅकवर परत येतो. पुढे तो फोन दुरुस्तीला जातो, कधी डेमोला, कधी सेल्सच्या माणसाच्या खिशात. काकांना बटणाने घरी पाठवलं तरी सर्टिफिकेट फोनमध्ये तसंच राहतं, त्यामुळे शीटमध्ये तीन वेगळे रकाने आहेत: टनेल काढला, फाइल रद्द केली, सर्टिफिकेट काढलं. पहिल्या दोन रकान्यांत सगळीकडे ‘हो’ दिसतं. तिसऱ्यात बऱ्याच ठिकाणी ‘बघतो’ लिहिलंय.