मलिदा आणि अल्बम

१.
कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांचे जुने, स्टुडिओत काढलेले फोटो बघत होतो. बायका नऊवारीत, पुरुष कोट घालून, डोक्याला पगडी नाहीतर तुर्की टोपी. मागे नाव लिहिलेले नसेल तर घर कोणाचे ते कळायचे नाही. नाव असले तरी आडनाव पेणकर, दिवेकर, रोहेकर.

२.
ताटावरून मात्र कळते. मटणाला दही लावलेले नसते, वर साजूक तुपाची धारही नाही. मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधात. धर्माने जे वर्ज्य केले, त्याची सोय परसातल्या माडाने केली. सुरमई चालते, कोलंबी नाही. मासळीला खवले आणि पर हवेत.

३.
कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. शनिवार शब्बाथचा, विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद.

४.
मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. भोवती फळे. खजुरावर झाडाच्या फळाची प्रार्थना म्हणतात, केळ्यावर जमिनीतून उगवणाऱ्या फळाची. केळीला लाकडाचे खोड नसते, म्हणून. हे ताट एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मांडतात. लग्नाआधी, बाळंतपणानंतर, नवस फिटला की. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत. एलियाहूच्या रथाच्या त्या, अशी श्रद्धा. लोक मलिदा घेऊन तिथे जातात.

५.
शुक्रवारी संध्याकाळी शरबत. काळे मनुके पाण्यात भिजत घालायचे, हाताने कुस्करायचे, फडक्यातून गाळायचे. द्राक्षाच्या वाइनच्या जागी हेच पेल्यात ओतून किद्दुश, म्हणजे शब्बाथची प्रार्थना, म्हणायची. शब्बाथचे दिवे लागले की शब्बाथ पाळणाऱ्या घरात कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. आठवड्यातला सगळ्यांत महत्त्वाचा घास त्यामुळे अल्बमात नाही. मला हे फार मोलाचे वाटते.

६.
सणांची जुनी नावे: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. यातला शेवटचा म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले त्या शोकाचा दिवस. कोकणात तो वालाच्या बिरड्याच्या नावाने लक्षात राहिला. याच समाजातल्या हाईम केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला समाजाचा इतिहास पुस्तकरूपाने आला तो १९३७ साली, तेल अवीवला.

७.
सिओना बेंजामिन, मुंबईत वाढलेल्या चित्रकार. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी इथल्या ज्यूंचे फोटो काढले आणि त्या चेहऱ्यांभोवती रंग भरले. एस्थर डेव्हिड अहमदाबादच्या. त्यांच्या 'द बुक ऑफ रेचेल'चे प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होते. या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

८.
इस्रायलला गेल्यावर बेने इस्रायलींच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी होऊ लागली. लोकांनी धरणे धरले. १९६४ साली तिथल्या सरकारने जाहीर केले की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच. शतकानुशतके रोजच्या स्वयंपाकात नियम पाळणाऱ्यांना हे कागदावर मागावे लागले, हा अन्याय होता.

९.
अलिबागला समुद्र आणि कुलाबा किल्ला बघून परत फिरू नका. इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, सध्याची इमारत १९१० ची. आत जरूर जा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि शनिवारी नको.