चार गुणांचे बाबा

अगं, हे पत्र उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं डुगडुगतंय. बारावीची पूर्वपरीक्षा संपली, दोन तुकड्यांचे इंग्रजीचे पेपर पुढ्यात आहेत आणि चहा तिसऱ्यांदा गार झालाय. तुला सांगते, एम.ए.ला आपण दोघींत दिलीप चित्रेंच्या 'सेज तुका'ची एकच प्रत ओढाताण करून वाचली (तुझा चहाचा डाग आहे हं अजून, मी कुणाला बोलले नाही), तेव्हा वाटलं नव्हतं की पुढे हेच चित्रे मला असे छळतील!

त्यांची 'फादर रिटर्निंग होम' आमच्या पाठ्यपुस्तकात, 'युवकभारती'त आहे. रात्री उशिरा लोकलनं घरी येणारा तो थकलेला बाप, आठवतोय ना? रसग्रहणाला 4 गुण. कवी-शीर्षकाचा एक, आशयाचा एक, अलंकार-शैलीचा एक आणि वेगळेपण नि स्वतःचं मत मिळून उरलेला एक. कविता सरळसरळ मुक्तछंदात, पण 31 जणांनी ठोकून दिलंय की यमकरचना ए-ए-बी-बी! दुसऱ्याच कुठल्या कवितेचं पाठ केलेलं उत्तर इथं आणून टेकवलंय. एकानं तर 'द पोएट लव्ह्ज नेचर' लिहिलंय. डब्यातून उपनगरं मागे सरकतात ना, तोच निसर्ग असेल!

तोंडी परीक्षा त्याहून भारी. एकाला हॉबी विचारली, तर म्हणाला, "मॅडम, तो विषय आर्ट्सला असेल, मी सायन्सचा." हसू नकोस, एम.ए.च्या तोंडीला तू काय दिवे लावले होतेस ते मला पाठ आहे.

पण एक पेपर मात्र पुढे सरकू देईना. शेवटच्या बाकावरची मुलगी, वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. तिनं लिहिलंय, "माय फादर ऑल्सो कम लेट, बट बाय एस.टी. ही नॉट टॉक. वुई नॉट टॉक. ओन्ली टिफिन टॉक इन किचन." झालं, एवढंच. क्रियापदांची पार वाट, अलंकाराचं नाव नाही. गुणांच्या आराखड्यानं जेमतेम 2 गुण. ए-ए-बी-बीवाले मात्र इतर तीन रकाने भरून 3 नेतात. मी 2 लिहिले, खोडले, मग पेन्सिलीनं 3 केले. फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर कुणी अनोळखी तपासणार, त्याच्यापुढे हाच आराखडा असणार. म्हणजे आता तिला बोलावून मीच सांगायचं, बाई गं, दोन अलंकार घाल. तेही त्या टिफिनच्या आवाजात!

तुझी मजा आहे बाई. तुझी ए लेव्हलची पोरं लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून त्यावर 2000 शब्दांचा अभ्यास लिहितात. माझ्या पोरांना रेकॉर्डर देऊन एस.टी. स्टँडवर सोडलं तर कंडक्टरच्या बोलण्यावरच 2000 शब्द होतील. फक्त तुमच्या परीक्षकांना ते सोसवायचे नाहीत.

नवा चष्मा फोटोत पाहिला. अगदी हेडबाई दिसतेस! खरं सांग, त्या मुलीला तू किती दिले असतेस? लवकर कळव. पेपर परवा वर्गात वाटायचेत आणि ते 3 अजून पेन्सिलीतच आहेत.

तुझीच,
डाग लपवणारी