वेडी बाभूळ, मागचं चाक आणि ट्रायकोकार्ड



बारामतीकडच्या तीन दिवसांच्या गाडीवरच्या दौऱ्यात बघितलेल्या ऊस प्लॉटच्या नोंदी पुढं सविस्तर टाकतोच. त्याआधी परतीच्या वाटेवरच्या एका तासाची नोंद टाकतोय. चार-पाच जणांनी फोन करून एकच विचारलं, "मार्चच्या उन्हात मोटारसायकलवरनं ट्रायकोकार्ड आणली, मग माश्या जिवंत राहिल्या का?" त्याचं उत्तर द्यायचं तर मधल्या पंक्चरचं सांगावं लागतं.

आधी कार्डाचं थोडक्यात. ट्रायकोग्रामा ही मिलीमीटरपेक्षाही बारीक गांधीलमाशी. ती पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते, म्हणजे खोडकिडीची अळी बाहेर यायच्या आधीच संपते. प्रयोगशाळेत तांदळावरच्या पतंगाची अंडी कागदावर चिकटवून त्यात या माशीची पैदास करतात. एका कार्डावर साधारण १८ ते २० हजार अंडी असतात. माशीनं अंडं घातल्यापासून सात-आठ दिवसांत नवी माशी बाहेर पडते. थंडाव्यात ठेवलं तर हे लांबतं, उष्णता लागली तर लवकर होतं. पाकिटातच माश्या निघाल्या तर त्या तिथंच मरतात, शेतात नुसता कागद टाचायचा राहतो. आमच्या पाकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख होती. म्हणजे त्याच संध्याकाळी कार्डं उसात लागायला हवी होती.

ऊस दाजींचा. बार्शी तालुक्यात दोन एकर सुरू लागण, दीड महिन्याची, आणि पोंगेमर दिसायला लागलेली. दाजींचा आजवरचा हिशोब साधा, किडा दिसला की औषध. कार्डं लावायला ते पहिल्यांदाच तयार झाले होते, तेही माझ्या आग्रहाखातर. येताना इंदापूरला चहा पिताना म्हणाले, "पाव्हणं, असली न दिसणारी माशी आणायला एवढं फिरवलंत. नाही निघाली तर परत नाव काढू नका." बोलले हसत, पण माणूस शब्दाचा पक्का. कार्डं वाटेत मेली असती तर त्यांच्या शिवारात पुढची दहा वर्षं ट्रायकोकार्डाचं नाव निघालं नसतं.

कार्डं जनावरांच्या लसीच्या जुन्या थर्मोकोल डब्यात ठेवली होती. खाली बर्फाची पिशवी, त्यावर वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर पाकिटं. बर्फाला पाकीट टेकू द्यायचं नाही आणि ओल लागू द्यायची नाही, एवढंच बघायचं. डबा दाजींच्या मांडीवर.

भीमेचा पूल ओलांडला, टेंभुर्णी सोडली आणि एक खोडव्याचा प्लॉट बघायला कुर्डुवाडीच्या अलीकडं आतल्या रस्त्याला वळलो. प्लॉट बघून निघालो आणि पावणेबाराला मागचं चाक हलायला लागलं. गाडी शंभर सीसीची, स्पोकची चाकं, ट्यूबवाले टायर. मागचं चाक डुलायला लागलं की ब्रेक दाबायचा नाही, अॅक्सिलरेटर सोडून गाडी सरळ रेषेत थांबू द्यायची. मागं माणूस असेल तर जास्तच.

दाजी म्हणाले, "चला की तसंच हळूहळू. गाव असंल दोन किलोमीटरवर."

मी म्हटलं, "दाजी, काटा असेल तर एक भोक असेल. दोघं बसून दोन किलोमीटर गेलो तर ट्यूब रिममध्ये चेंगरून फाटेल, नाहीतर वॉल मुळातनं उपटेल. मग ठिगळ लागायचं नाही, नवी ट्यूब लागंल. ती कुठनं आणायची?"

ते उतरले. दोनशे पावलांवर लिंबाचं झाड होतं, तिथवर गाडी ढकलत नेली. आजूबाजूला सगळी वेडी बाभूळ. तिची सावली विरळ आणि खाली काटेच काटे, तिथं काम करायचं म्हणजे दुसऱ्या पंक्चरला आमंत्रण.

आता कामाच्या नोंदी, क्रमानं.

११.५५. गाडी डबल स्टँडवर घेतली, स्टँडखाली सपाट दगड दिला. चाक हातानं सावकाश फिरवून टायर न्याहाळला. काटा सापडला: वेडी बाभूळ, टोक आत मोडलेलं, वर फक्त काळा ठिपका. तो लगेच उपटला नाही. त्याच्या शेजारी खडूनं खूण केली. काटा आधी उपटला तर टायरवरची जागा हरवते आणि मग पूर्ण ट्यूब शोधत बसावं लागतं.

१२.००. मागचं चाक काढलं नाही. ते काढायचं म्हणजे अॅक्सल, चेन, ब्रेकचा रॉड सगळं आलं, आणि परत बसवताना चेनचा ताण जुळवणं आलं. एका पंक्चरसाठी त्याची गरज नसते. वॉलपिन काढून उरलीसुरली हवा सोडली. वॉलचा नट सैल केला, वॉल जागेवरच राहू दिला. सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून त्याच्या उलट बाजूनं, चाकाच्या मागच्या अंगाला बसलो. टाचेनं दाबत दाबत टायरची कड रिमपासून सुटी केली.

१२.०५. टॉमी लावायची जागा महत्त्वाची. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. जोर केला की टायर निघत नाही, टॉमी मात्र ट्यूबला चावते. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. समोरच्या बाजूची कड त्या खोलगटात दाबून धरली की इकडं दोन बोटं ढील मिळते. सुरुवात वॉलजवळून करायची, टॉमी थोडीच आत घालायची, एका वेळी दोन-तीन इंचच कड उचलायची. एका बाजूची कड निघाली की हात घालून ट्यूब बाहेर ओढता येते. दुसरी कड तशीच राहू द्यायची.

१२.१५. ट्यूबमध्ये थोडी हवा भरली. खुणेच्या समोर कान नेला तर बारीक सुस्कारा ऐकू आला. पहिलं भोक सापडलं. इथं पुष्कळ जण थांबतात आणि मग ठिगळ पक्कं लागूनही हवा जाते. बाभळीचा काटा लांब असतो. हवा कमी झाली की ट्यूब चपटी होते आणि तोच काटा आतल्या, रिमकडच्या बाजूलाही टोचतो. ते दुसरं भोक इतकं बारीक की आवाज येत नाही, ते पाण्यातच दिसतं.

पाणी मात्र एकच बाटली होती, आणि बर्फ एव्हाना वितळून गेला होता. दाजी डब्यावर हात ठेवून म्हणाले, "आत गार लागंना झालंय." डबा गार ठेवायला पाणी लागणार, भोक शोधायला पाणी लागणार. तिसरं, आम्हाला प्यायलाही.

मग असं केलं. जेवणाच्या डब्याच्या झाकणात पाणी ओतलं, त्यात ट्यूब थोडी थोडी बुडवत पुढं सरकवली. खुणेच्या बरोबर मागच्या बाजूला बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. दुसरं भोक. तेच पाणी मग सांडलं नाही, दाजींनी त्यात रिकामं बारदान भिजवलं, पिळलं आणि थर्मोकोल डब्याभोवती गुंडाळलं. झाडाखाली वारं होतं. ओल्या बारदानावरनं वारं गेलं की पाणी उडतं आणि गारवा राहतो, माठाचं तेच तत्त्व. झाकण अधूनमधून किंचित उचलून हवा दिली. डब्याची राखण दाजींकडं, चाक माझ्याकडं.

१२.२०. ट्यूब पुसून पूर्ण कोरडी केली. ठिगळापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासली, चकाकी जाऊन मंद काळा रंग येईपर्यंत. ट्यूबवरच्या शिवणीची उंच रेघ तिथं येत असेल तर ती घासून सपाट करायची, नाहीतर हवा त्या रेघेखालून वाट काढते. घासलेल्या जागेला परत बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागतं. मग सोल्यूशनचा पातळ थर. जाड थर म्हणजे जास्त पक्कं असं नसतं. त्यातला पातळ करणारा द्रव उडून जायला हवा, मग ठिगळाचं रबर आणि ट्यूबचं रबर एकमेकांत धरतं. ओलं असताना ठिगळ ठेवलं तर ते सरकतं. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ बसते. एरवी पाच मिनिटं लागतात, त्या उन्हात तीनमध्ये चकाकी गेली. चांदी काढून ठिगळ ठेवलं, मधून कडेकडं दाबत नेलं आणि टॉमीच्या बोथट बाजूनं घासलं. दोन्हीकडं एकेक ठिगळ.

१२.३०. ठिगळ मुरेपर्यंत टायर बघितला. आता काट्याचं टोक पक्कडीनं ओढून काढलं. मग टायरच्या आतून फडकं फिरवलं. हात थेट घालू नका. जिथं काही टोचत असेल तिथं फडक्याचा धागा अडकतो. धागा आणखी एका ठिकाणी अडकला. दुसऱ्या काट्याचं टोक, अजून ट्यूबपर्यंत न पोचलेलं. ते राहिलं असतं तर बार्शीच्या आत परत बसावं लागलं असतं.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक मामा आले. काटा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "कालच्याला हितनं काट्याचं ट्रॅक्टर गेलंया. कुपाटीला न्हेल्यात." त्यांच्याकडच्या कॅनमधलं पाणी त्यांनी बारदानावर आपणहून ओतलं. कशासाठी ते नंतर विचारलं. दाजींनीच त्यांना समजावून सांगितलं, "आत माश्या हायत, खोडकिडीची अंडी खाणाऱ्या." मी गप्प राहून हवा भरत होतो, पण दाजींच्या तोंडून ते ऐकून बरं वाटलं.

१२.४०. ट्यूबला थोडी हवा देऊन गोल आकार येऊ दिला आणि मग आत घातली. पिळ पडत नाही, टॉमीखाली सापडत नाही. कड बसवताना शेवट वॉलजवळ करायचा आणि त्या वेळी वॉल आत ढकलायचा, म्हणजे ट्यूब कडेखालून बाजूला होते. शेवटचे चार इंच टॉमी न लावता अंगठ्यांनी बसवले. मग पायपंप. थोडी हवा भरून थांबायचं, दोन्ही बाजूंना टायरवरची बारीक रेघ रिमपासून सारख्या अंतरावर आहे का बघायची, मग पुरी भरायची. वॉलच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून पिन गळत नाही ना ते बघितलं. दोघं बसणार असाल तर मागं हवा जास्त लागते, आकडा गाडीच्या स्टिकरवर असतो. पायपंपानं अंदाजे भरली, कुर्डुवाडीत पंपावर मोजून पुरी केली. बरोबर एक वाजता गाडी हलली.

कार्डांचं. तीनला घरी पोचलो. भिंगाखाली अंडी सगळी काळी, भोक एकालाही नव्हतं, म्हणजे माशी आतच होती. पाच वाजल्यानंतर पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचल्या, पानं वाऱ्यानं घासणार नाहीत आणि मुंग्यांची रांग नाही अशी जागा बघून. पुढं काही दिवस त्या प्लॉटवर कीटकनाशक फवारायचं नाही असं ठरलं. तिसऱ्या दिवशी दाजींनी स्वतः भिंग मागून घेतलं. आम्ही एका पट्टीवरची १०० अंडी मोजली, ८१ अंड्यांना बारीक गोल भोक होतं. एवढ्यावरनं खोडकीड आटोक्यात आली असं म्हणता येत नाही. त्यासाठी पोंगेमर मोजायला पाच ओळी खुणा करून ठेवल्यात, आकडे येतील तसे इथं टाकीन. पण माश्या निघाल्या. पुढच्या कार्डांचं काय, हे दाजींनी स्वतःहून विचारलं.

लांब जाताना मी गाडीला बांधतो ते सामान: दोन टॉमी, पायपंप, ठिगळं पाच-सहा, सोल्यूशनच्या दोन ट्यूब (एकदा उघडलेली काही महिन्यांत आतल्या आत सुकते, म्हणून एक न उघडलेली), पॉलिश पेपर, वॉलपिन आणि ती काढायची चावी, पक्कड, खडू, फडकं आणि गाडीच्या नटांचे पान्ने. सगळं मिळून खताच्या पिशवीच्या तुकड्यात मावतं. ट्यूबलेस टायर असेल तर वात आणि टोच्या वेगळा लागतो, पंप मात्र दोघांनाही लागतो.

आणि एक विनंती, शेतकऱ्याची शेतकऱ्याला. रस्त्यावरचे काटे आकाशातनं पडत नाहीत. वेडी बाभूळ परदेशातनं आली खरी, पण तिच्या फांद्या कुपाटीला तोडून रस्त्यानं ओढत आपणच नेतो. ट्रॉली भरली की वरनं दोर आवळा, आणि ओढत न्यायची वेळ आली तर मागनं एक माणूस खराटा घेऊन चालू द्या. त्याच रस्त्यानं रात्री कुणी दवाखान्याला निघालेलं असतं, आणि प्रत्येकाच्या डिकीत पंप नसतो.

तुमच्या भागात कार्डं गार ठेवायला काय वापरता ते कळवा. थर्मोकोल डब्यापेक्षा बरं काही असेल तर पुढच्या खेपेला तसं करून बघू.