फळीवर मावणारी रेल्वे

गेले चार विकांत एकाच प्रश्नात गेले. माझ्याकडे १२० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशी प्लायवुडची एक फळी आहे. तिच्यावर कुठली रेल्वे बसवायची?

हसू नका मंडळी. प्रश्न गंभीर आहे. मॉडेल रेल्वे म्हणजे चावी देऊन गोल गोल फिरणारी गाडी नव्हे. खरी एक लाइन घ्यायची, तिचं एक वर्ष ठरवायचं आणि त्या वर्षी तिथे जे होतं ते मोजमापाने लहान करायचं. सगळ्यात चालणारं प्रमाण म्हणजे 'एचओ', म्हणजे १:८७. सत्त्याऐंशी सेंटिमीटरची खरी वस्तू फळीवर एक सेंटिमीटर. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे मालक भिंतीला खिळा मारू देत नाही, तिथे पुस्तकांच्या रॅकवर ठेवता येईल अशी फळी १२० सेंटिमीटरचीच. खऱ्या जगात ती होते जेमतेम १०४ मीटर.

सवयीप्रमाणे रिक्वायरमेंट्स लिहून काढल्या. तीनच होत्या. एक, लाइन फळीवर मावली पाहिजे. दोन, तिला काही इतिहास पाहिजे. तीन, ती आपल्याकडची पाहिजे.

तिसऱ्या अटीपाशीच गाडी अडली. मी लांज्याचा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पण आमच्या तालुक्यात रूळ यायला १९९० चं दशक उजाडलं. मधल्या काळात आमच्याकडच्या लोकांना रेल्वे बघायची तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. कोल्हापूर संस्थानाने मिरजेपर्यंतची लाइन १८९१ साली सुरू केली होती. बाकी मुंबईला जायचं तर एसटी, आणि त्याआधीच्या पिढ्यांना बोट. 'लोकल हिस्टॉरिक रेलरोड' वगैरे परदेशी मॉडेलवाले सहज म्हणून जातात. त्यांच्या प्रत्येक गावामागे शंभर वर्षांपूर्वीची एखादी बंद पडलेली लाइन असते. आमच्या गावामागे सडा आहे. :)

मग 'आपल्याकडची' याचा अर्थ जरा सैल केला, 'महाराष्ट्रातली' इतका. लगेच उमेदवार रांगेत उभे राहिले.

पहिली अर्थात माथेरानची राणी. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली, १९०७ साली सुरू झालेली, दोन फुटी रुळांची. छोट्या फळीसाठी हिच्यासारखी दुसरी नाही, कारण तिची सगळ्यात तीव्र वळणं ६० फूट त्रिज्येची आहेत. ८७ ने भागा, २१ सेंटिमीटर. म्हणजे खरं वळण, कुठलीही तडजोड न करता, जेवणाच्या ताटाहून थोडंच मोठं! पण तिचा चढ २० ला १. फळी सपाट ठेवली तर ते माथेरान राहत नाही, आणि चढ घेतला तर छोटं इंजिन घसरतं. शिवाय दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, भागिले ८७, बरोबर ७. सात मिलिमीटरचे रूळ सहज मिळत नाहीत.

दुसरी बार्शी लाइट रेल्वे. हिच्या मी खरोखर प्रेमात पडलो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली ती सुरू केली. रूळ अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपचा मुद्दा असा की इंजिन असो की मालडबा, कुठल्याच आसावर ५ टनांच्या वर वजन येऊ द्यायचं नाही. वजन सारखं वाटलं की हलके रूळ पुरतात, हलके रूळ पुरले की खर्च उतरतो. लोड बॅलन्सिंगच की हे! भारतात आणण्याआधी त्याने ही गाडी इंग्लंडात लीड्सजवळ चाचणीचे रूळ टाकून चालवून दाखवली होती. पुढे ही लाइन एका टोकाला लातूर आणि दुसऱ्या टोकाला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. आषाढीला वारकरी तिच्यात दाटीवाटीने भरायचे. १९५४ साली ती सरकारने घेतली आणि अलीकडे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

आणि गणित तर बघा. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिलिमीटर. 'एन' नावाच्या लहान प्रमाणाचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे असतात आणि सगळीकडे मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक कोण बघतोय! मावते, इतिहास आहे, सामान मिळतं. बार्शी फायनल.

शनिवारी रात्री घरी फोन केला तेव्हा सहज बाबांना सांगितलं. बाबांनी उमेदीची वर्षं मुंबईत नोकरी केली आणि निवृत्त होऊन आता लांज्याला असतात. आमचं बोलणं साधारण तीन मिनिटांचं. जेवलास का, पाऊस आहे का, आईला देतो. या वेळी ते जरा थांबले आणि म्हणाले, "बार्शीला आपलं कोण आहे रे?"

"कोण नाही. रेल्वे चांगली आहे."

"मग आपली काय वाईट आहे?"

"बाबा, तिला कुठे इतिहास आहे? ती माझ्याच वयाची आहे."

"तुझ्या वयाची आहे, माझ्या नाही. मी ती नव्हती तेव्हाही मुंबईला जात होतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची स्थापना १९९० ची, ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम झालं आणि १९९८ च्या २६ जानेवारीला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण खुला झाला. मी त्याच वर्षीचा. माझ्यासाठी ती डोंगरासारखी कायमची होती. बाबांसाठी तिच्या आधीचं एक आयुष्य होतं, परळहून रात्रभर एसटीत बसून हाडं खिळखिळी करणारं. इतिहास म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही सांगू शकणारं माणूस असणं, अशी व्याख्या केली तर कोकण रेल्वे पास होते. आणि असं माणूस मला घरात फोनवर मिळतं. बार्शीच्या फलाटाची उंची विचारायला मी कुणाला फोन करणार?

पण पहिली अट? तिथे कोकण रेल्वेचा निकाल सरळ नापास. ब्रॉडगेज गाडीचा एक डबा १:८७ मध्ये २५ सेंटिमीटरचा, म्हणजे २२ डब्यांची गाडी साडेपाच मीटर. या लाइनीची वळणं वेगासाठी मुद्दाम सौम्य ठेवली आहेत, कमीत कमी त्रिज्या १२५० मीटर. फळीवर ती १४ मीटरची होते, आमचा अख्खा फ्लॅट तेवढा नाही. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच, मॉडेलमध्ये तो माझ्या कंबरेच्या आसपास येईल. माथेरानचं वळण ताटात मावतं, कोकण रेल्वेचं वळण सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा नाही.

दोन दिवस हे गणित डोक्यात फिरत होतं. मग लक्षात आलं की कोकण रेल्वे अख्खी कुणी पाहिलेलीच नसते. नव्वदहून जास्त बोगदे आहेत. तुम्ही खिडकीत बसलेले असता. काळोख, मग अचानक उजेड, जांभ्याची तांबडी कापणी, एखादा ओढा, भाताचा तुकडा, दोन माणसं, की पुन्हा काळोख. प्रत्येक उजेड काही सेकंदांचा. म्हणजे ही लाइन मुळातच तुकड्यातुकड्यांनी दिसते, आणि माझी फळी नेमका एक तुकडा आहे!

मॉडेलवाल्यांना तर बोगदा म्हणजे वरदान. गाडी दृश्यातून बाहेर गेल्यावर ती लपवायला जागा लागते, आणि ती कशाआड लपवायची यावर लोक महिनोन् महिने डोकं फोडतात. इथे प्रश्नच नाही. दोन्ही टोकांना बोगद्याचं तोंड, त्यामागे हव्या तेव्हा जोडायच्या आणि मग पलंगाखाली सरकवायच्या दोन फळ्या. दृश्य भाग सरळ, त्यामुळे १४ मीटरचं वळण लागतच नाही. इंजिन २० सेंटिमीटर, तीन डबे पाऊण मीटर, झाली फळी भरून. उरलेली गाडी बोगद्यात आहे असं समजायचं. स्टेशन आडवलीवरून उचलायचं, बोगदे लाइनीवरचे आवडतील ते घ्यायचे आणि पाटीवर तिसरंच नाव लिहायचं. एवढी सूट या छंदात मिळते.

मग वर्ष. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं आणि वर तारा आल्या. मला त्याआधीचं डिझेल पाहिजे, निळे डबे पाहिजेत. २००८ धरलं. महिना जुलै, कारण पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असलेली लाइन कोरडी दाखवणं म्हणजे पाप. रुळालगत रेनकोट घातलेला एक गस्तवाला, हातात बत्ती. रो-रोची गाडी, म्हणजे सपाट वाघिणींवर चढवलेले ट्रक, हा मोह मात्र आवरला. पहिली गाडी दिव्याहून येणारी सावंतवाडी पॅसेंजर.

ही गाडी ठरल्यावर बाबांना पुन्हा फोन केला. तीन मिनिटांचा फोन त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं चालला. बाबा सुट्टीवर याच गाडीने यायचे. मी आजोबांबरोबर आडवलीच्या फलाटावर उभा असायचो. गाडी कधी पाऊण तास आलीच नाही तर मला वाटायचं, ते या वेळी आले नाहीत. लाइन एकेरी, त्यामुळे समोरून एक्स्प्रेस येणार असली की पॅसेंजरने आधीच्या स्टेशनात बाजूला उभं राहायचं. हे मला तांत्रिकदृष्ट्या माहीत होतं. बाबा त्या पाऊण तासात काय करायचे, ते माहीत नव्हतं.

"निवसरला खाली उतरून उभा राहायचो," ते म्हणाले. "एकच स्टेशन राहिलेलं असायचं. डब्यात बसवायचं नाही. सिग्नलकडे बघत बसायचं. तुझ्यासाठी आणलेली पिशवी हातातच असायची, उगाच."

त्यांना ती गाडी आतून माहीत, मला फलाटावरून. मॉडेलला दोन्ही लागतं. त्यामुळे फळीवर आता लूपलाइन आलीये. एका रुळावर पॅसेंजर उभी राहील, दुसऱ्यावरून एक्स्प्रेस न थांबता जाईल, आणि मगच पॅसेंजर सुटेल. पॅसेंजरच्या दुसऱ्या डब्याच्या दारापाशी, खाली, दोन सेंटिमीटरचा एक माणूस असेल. पिशवीसकट.

पॉइंटचा सांधा कुठून आणायचा, क्रॉसिंगचा क्रम मायक्रोकंट्रोलरने चालवायचा की हाताने, हे पुढच्या विकांतात. बाबांनी कुरिअरने एक डबा पाठवलाय, घरामागच्या जांभ्याची भुकटी, दोनदा चाळून. रंगाच्या दुकानात असा तांबडा रंग मिळत नाही. सोबत चिठ्ठी आहे, निवसरच्या फलाटावर बाक होता की नव्हता ते प्रत्यक्ष जाऊन बघून कळवतो म्हणून.