मधले पाच दिवस

आमच्या गावात परदेशी गेलेल्या पोराची चौकशी तीन प्रश्नांत आटोपते. 'पगार किती?', 'थंडी किती?' आणि 'परत कधी?' पोर शिकायला गेलेले असले तर पहिला प्रश्न गळतो आणि त्याच्या जागी एक उद्गार येतो: 'मजा आहे बुवा!' माझ्या भाचीच्या वाट्याला हा उद्गार जरा जास्तच येतो. कारण तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, दर रविवारी देवळातून परतताना लेकीने आदल्या दिवशी पाठवलेले फोटो चार घरी दाखवून येते. कुठे नदी, कुठे जुना पूल, कुठे लाल कौलांची नि लाकडी चौकटींची घरे, आणि त्यांच्यापुढे निळा कोट घातलेली आमची पोरगी. बघणाऱ्याला वाटावे, ही तिकडे अभ्यास करते तरी कधी?

शंका रास्त आहे. फोटो शनिवारचे असतात. सोमवार ते शुक्रवारचा फोटो कुणी काढत नाही. पण मी पेशाने मास्तर आणि सवयीने कादंबरीकार. वहीतल्या सुवाच्य पानापेक्षा खाडाखोड झालेले पान आधी बघायची मला खोड आहे. म्हणून त्या मधल्या पाच दिवसांची विचारपूस मी फोनवर करत आलो, आणि आता त्यांचे बरेचसे चित्र माझ्यापाशी जमले आहे. तेच या दिवाळीत तुमच्यापुढे ठेवतो.

भाची २०२४ च्या सप्टेंबरात श्टुटगार्टला गेली. जर्मनीच्या नैर्ऋत्येकडचे हे शहर मोटारींसाठी प्रसिद्ध. मर्सिडीज आणि पोर्श या दोन्ही इथल्याच. १९६८ पासून आपली मुंबई आणि हे शहर रीतसर भगिनी-शहरे आहेत. हे मी मोठ्या कौतुकाने अक्काला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बहिणी आहेत ना, मग मावशीनं भाचीकडून भाडं कशाला घ्यावं?"

अक्काचे म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते. 'जर्मनीत शिक्षण फुकट' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, आणि तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांपुरते ते खरेही आहे. पण श्टुटगार्ट ज्या राज्यात येते, त्या राज्याने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १५०० युरो फी लावली आहे. शिवाय व्हिसा हवा तर वर्षभराचा खर्च आधीच खात्यात भरून दाखवावा लागतो. ती गेली तेव्हा ही रक्कम ११,९०४ युरो होती, म्हणजे आजच्या हिशेबाने बारा लाख रुपयांच्या आसपास. पैसे आपलेच, पण महिन्याला ९९२ युरोंहून जास्त हाती येत नाहीत. हे पैसे उभे करण्यासाठी अक्काने राहते घर तारण ठेवले. मेहुणे जाऊन सात वर्षे झाली. ज्या घरात त्यांचा फोटो टांगला आहे, त्याच घरावर लेकीच्या शिक्षणाचा बोजा चढला. निळ्या कोटातली पोरगी पुलावर उभी राहून हसते, तेव्हा तिच्या पायाखाली काय आहे हे ठाऊक असणारे आम्ही तिघेच.

आता तिचा दिवस. मंगळवार आणि गुरुवार ती पहाटे साडेचारला उठते. कारण एका बेकरीत साडेपाचला तिची पाळी लागते. परदेशी विद्यार्थ्याला तिथे काम करायला मुभा आहे, पण मोजून: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. गरम पाव फळीवर मांडायचे, गाठीच्या आकाराचे खारट ब्रेत्सेल पिशवीत भरायचे आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलायचे. पुण्यात वर्षभर क्लास लावून ती जर्मन शिकली होती. पण पहिल्या दिवशी तिला गिऱ्हाइकांचे अवाक्षर कळेना. तिथली बोली निराळी. प्रत्येक नामाच्या शेपटीला 'ले' लावून त्याला लाडके करायची तिथे रीत. घराचे 'घरकुल' करावे तसे. आता तीही 'ले' लावून बोलते म्हणे, आणि गिऱ्हाइके खूश होतात.

तिथून सरळ वर्गात. वर्गातली एक रीत ऐकून मी खुर्चीतून उठलोच. प्राध्यापकाचा तास संपला की मुले टाळ्या वाजवत नाहीत, मूठ वळून बाकावर बोटांची पेरे ठोकतात. ते त्यांचे आभार! इकडे बाक वाजवला म्हणून मी आजवर किती पोरांना वर्गाबाहेर उभे केले असेन, आणि तिकडे तो वाजला नाही तर मास्तराने खट्टू व्हायचे.

गुणांचा प्रकारही उफराटा. तिथे १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर पास आणि ५ म्हणजे नापास. पहिल्या सहामाहीत एका विषयात १.३ मिळाले, तेव्हा अक्काने दिवसभर तोंडात पाणी घेतले नाही. संध्याकाळी मी समजावून सांगितले, तेव्हा कुठे चूल पेटली.

राहायला वसतिगृह. सहाजणींत एक स्वयंपाकघर आणि फ्रीजमध्ये जिला तिला एकेक कप्पा. त्या मुलखात सफाईच्या पाळीला 'केरवोखे' म्हणतात. 'वोखे' म्हणजे आठवडा, आणि 'केर' म्हणजे झाडणे. हा शब्द ऐकून अक्का इतकी हरखली, की जर्मन भाषा आपल्याच घरातली आहे अशी तिची त्या दिवसापासून खात्री झाली. इमारतीत ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. जिना झाडून-पुसून झाला की पाटी शेजारच्या दारावर जाते. भाचीच्या वसतिगृहात तीच पाटी स्वयंपाकघरात फिरते. रविवारी सगळी दुकाने बंद, आणि मोठा आवाज करायचा नाही असा दंडक. पहिल्याच रविवारी हिने वरणासाठी कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला पाचही मुली दारात उभ्या! आग लागल्याची घंटा वाजली असे त्यांना वाटले. मग त्या वरणभात खाऊन गेल्या. तेव्हापासून शिट्टी झाली की ताटल्या घेऊन येतात.

हे झाले सांगण्याजोगे. न सांगण्याजोगे तिने मला सांगितले ते २०२५ च्या मार्चअखेर. रात्री साडेअकराला फोन आला. एका विषयात ५ पडले होते. नापास होणे आपल्याकडेही आहे. पण तिथे एका विषयाला संधी मोजक्या. त्या संपल्या की तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. अभ्यासक्रम सुटला की राहण्याचा परवाना डळमळतो. आणि परवाना गेला तर... पुढचे ती बोलली नाही. घराच्या तारणाचे कागद माझ्याच कपाटात आहेत, हे तिला माहीत होते. "आईला सांगू नका मामा, मीच सांगेन," एवढेच म्हणाली. मी बरे म्हणालो. धीर देणारी वाक्ये कादंबरीत मी पुष्कळ लिहिली आहेत. त्या रात्री त्यातले एकही तोंडात आले नाही. मी विचारले, "शनिवारी कुठं जाणार आहेस?" ती म्हणाली, "आता कशाला जाऊ?" मी म्हणालो, "पास भरलाय ना? जा."

या पासाबद्दल सांगायला हवे. २०२३ च्या मेपासून जर्मनीत देशभर चालणारा एक मासिक पास निघाला आहे, आणि विद्यार्थ्यांना तो सवलतीत मिळतो. बस, ट्राम आणि सगळ्या पॅसेंजर गाड्या त्यावर चालतात. जलद गाड्यांना मात्र चालत नाही. म्हणजे पैसेवाले सुसाट जातात, आणि पासवाले प्रत्येक स्टेशनावर थांबत, खिडकीतून शेते बघत. पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळायची, नळाचे पाणी बाटलीत भरायचे आणि निघायचे. वाटेत विकतची बाटली कुणी घेतलीच, तर रिकामी परत आणायची, कारण यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. शनिवारची सहल एवढ्यात होते.

अशाच एका शनिवारी ती ट्युबिंगनला गेली होती. नेकार नदीकाठचे हे जुने विद्यापीठाचे गाव. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा केप्लर इथेच शिकला. पण भाचीने मला फोटो पाठवला तो एका पुस्तकाच्या दुकानाचा. पुढे १९४६ चे नोबेल मिळवणारा हेर्मान हेसे १८९५ ते १८९९ या काळात तिथे उमेदवारी करत होता. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली होती, विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. त्याच्या आजोबांनी, हेर्मान गुंडर्ट यांनी, केरळात वर्षे काढून मल्याळम भाषेचा कोश केला. तो १८७२ साली निघाला. फोटोखाली भाचीने लिहिले होते, 'मामा, हा तुमच्याइतकाच शिकलेला.' मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, याचे शल्य मला अधूनमधून टोचते. तो फोटो मी छापून शाळेतल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

नापास झाल्यावर तीन शनिवार ती कुठेच गेली नाही. चौथ्या शनिवारी पॅसेंजरने उल्मला गेली. तिथल्या चर्चचा मनोरा १६१.५३ मीटर उंच आहे. ती गेली तेव्हा तो जगातल्या सगळ्या चर्चांत उंच होता. ३० ऑक्टोबर २०२५ ला बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियाने तो मान घेतला. वर जायला ७६८ पायऱ्या. आमच्या जेजुरीला 'नऊ लाख पायरी' म्हणायची चाल असल्याने त्याचे तिला अप्रूप नव्हते. ती चढली नाही, आत बाकावर बसून राहिली. तिथे तिने वाचले, की या इमारतीचा पाया १३७७ साली घातला आणि मनोरा पुरा झाला १८९० साली. मध्ये काम कितीतरी काळ बंदच होते. तिने मला लिहिले, 'मामा, ५१३ वर्षे! मी तर एकच सहामाही मागे आहे.'

बाहेर आली तर दुकानादुकानांतून चिमण्या. उल्मची कथाच तशी आहे. चर्चसाठी आणलेली लांब तुळई गाडीवर आडवी ठेवलेली. ती वेशीतून आत जाईना. मंडळी वेस पाडायला निघाली. इतक्यात एक चिमणी चोचीत काडी घेऊन आली, आणि घरट्यात शिरताना तिने काडी उभी धरली. तेव्हा लोकांच्या डोक्यात उजेड पडला. चर्चच्या छपरावर त्या चिमणीचा पुतळा आहे. आपल्या चिऊताईचे घर मेणाचे, हिचे एवढ्या मोठ्या दगडाचे!

मी तिला उलटटपाली उल्मची आणखी एक गोष्ट कळवली. आइन्स्टाइन तिथे जन्मला, १८७९ साली, हे तिला ठाऊक होते. पण त्याच उल्ममध्ये १९३४ साली जन्मलेले गुंथर सोन्थायमर आपल्या मुलखात येऊन मराठी शिकले. धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांनी ओव्या ऐकल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला. तो जर्मनीत १९७६ साली निघाला. पुढे हायडेलबर्गला ते शिकवत. १९९२ साली वारले. आमच्या कऱ्हेकाठची माळराने ज्याने अशी पालथी घातली, त्याच्या गावात आमची पोर नापास होऊन बसली होती. मी लिहिले, 'त्यांनाही इथं पहिल्या दिवशी आपल्या धनगरांची बोली कळली नसेल.' उत्तरात एक हसरे तोंड आले, आणि पाठोपाठ चर्चसमोरचा फोटो.

तो फोटो अक्का रविवारी चार घरी दाखवून आली आणि माझ्या ओट्यावर बसली. म्हणाली, "तीन शनिवार फोटो नव्हता. म्हटलं, काहीतरी बिनसलंय. विचारलं नाही. विचारलं असतं तर 'काही नाही' म्हणाली असती, आणि खोटं बोलल्याचं तिलाच लागलं असतं." मी गप्प बसलो. अक्काने पदराने फोनची काच पुसली. "आता आला फोटो. डोळे सुजलेत, पण कोट इस्त्रीचा आहे. उठली म्हणायची."

पुढच्या परीक्षेत विषय सुटला, २.७ मिळाले. ते लेकीने आईला आधी सांगितले, नापास झाल्याचे मागाहून.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे तासभर मागे घेतात. मग आपले नि त्यांचे अंतर साडेतीन तासांचे साडेचार होते, आणि फोनची वेळ पुढे सरकते. अक्का तेवढा वेळ जागी राहते. दिवाळीच्या पार्सलातून दूध-तुपाचे पदार्थ युरोपात पाठवायला मनाई, म्हणून बेसनलाडू रद्द. चिवडा, कडबोळी आणि तेलातल्या शंकरपाळ्या गेल्या आहेत. लाडू मात्र दरवर्षी केले जातात आणि चार घरी वाटले जातात. 'मजा आहे बुवा!' म्हणणाऱ्या घरांनाही त्यातले दोन-दोन जास्तच मिळतात.

परवा फोनवर मी ऐकत होतो. अभ्यास कसा चाललाय, बेकरीत फार उभे राहावे लागते का, हप्त्याची काळजी करतेस का, यातले काही अक्काने विचारले नाही. ती म्हणाली, "शनिवारी कुठं जाणार गं?"

"अजून ठरलं नाही आई."

"ठरव. आणि निळा कोट घाल, थंडी पडली असेल."