वाणापासून वाड्यापर्यंत : बनबिहारी निंबकरांचे कृषिसंशोधन

बियाण्याची पिशवी विकत घेताना शेतकऱ्याला दाणे दिसतात, पण त्यांचे गुण दिसत नाहीत. उगवण कशी होईल हे आठवड्याभरात कळते, वाण शुद्ध आहे की भेसळीचा हे फुलोऱ्यात कळते आणि पीक पदरात काय टाकणार हे काढणीनंतरच कळते. तोवर हंगाम हातचा गेलेला असतो आणि दोन-चार एकरांच्या धन्याला दुसरा हंगाम उभा करण्याइतके भांडवल क्वचितच उरलेले असते. म्हणून शेतीशास्त्रज्ञ उद्योजक होतो तेव्हा त्याचा केवळ पेशा बदलत नाही, त्याच्यावरची जबाबदारी बदलते. वाण प्रसारित झाला आणि शोधनिबंध छापून आला की संशोधकाचे काम रीतसर संपते. विक्रेत्याचे उत्तरदायित्व मात्र माल शेतकऱ्याच्या घरी पोचल्यावर सुरू होते. ही दोन्ही कामे एकाच माणसाने आयुष्यभर अंगावर घेतल्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे फलटणचे बनबिहारी विष्णू निंबकर (१९३१–२०२१).

निंबकरांच्या आई कमलाबाई जन्माने अमेरिकन होत्या आणि व्यवसायोपचार, म्हणजे आजारी वा अपंग माणसाला रोजच्या कामांतूनच पुन्हा उभे करण्याची उपचारपद्धती, भारतात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. फलटणमधील ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची आहे. निंबकरांनी अमेरिकेत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर कार्यक्षेत्र म्हणून फलटण निवडले. पत्नी जाई निंबकर या लेखिका आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील फलटण तालुका पर्जन्यछायेत येतो, म्हणजे सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा उरलासुरला वाटाच त्याच्याकडे पोचतो. नीरा उजव्या कालव्याखाली ऊस उभा असतो आणि कालव्याच्या वरच्या अंगाला ज्वारी, करडई आणि मेंढरांची चराऊ माळराने. निंबकरांच्या ज्या कामांचा येथे विचार करायचा आहे, ती दोन्ही या वरच्या अंगाची आहेत.

तो काळही बियाण्याच्या धंद्याला अनुकूल होता. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले, १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला वाण आला, त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ सुरू केली आणि १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला. या कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता सांगणारे लेबल सक्तीचे केले. शेताची तपासणी करून सरकारी यंत्रणेने दिलेले प्रमाणपत्र मात्र ऐच्छिक ठेवले. परिणामी बाजारात दोन प्रकारचा माल आला : यंत्रणेची मोहोर असलेले प्रमाणित बियाणे आणि उत्पादकाच्या स्वतःच्या शब्दावर विकले जाणारे सत्यतादर्शक बियाणे. दुसऱ्या प्रकारात विकणाऱ्याचा शब्द हेच तारण असते. अशा काळात, १९६८ मध्ये, निंबकर कृषी संशोधन संस्था (नारी) उभी राहिली. संशोधनासाठी ना-नफा संस्था आणि बियाणे विक्रीसाठी निंबकर सीड्स ही कंपनी, अशी दुहेरी रचना निंबकरांनी केली. ती महत्त्वाची यासाठी की, ज्या संशोधनातून विक्रीचा पैसा लवकर किंवा कधीच निघणार नाही, त्याला संस्थेत जागा राहिली.

करडईचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. रब्बीत ओलाव्यावर येणारे, खोल मुळांचे हे तेलबियांचे पीक कोरडवाहू शेतकऱ्याच्या फार उपयोगाचे; पण पाने आणि बोंडे काटेरी असल्याने काढणी जिकिरीची होते. दवाने काटे नरम असतात तोवर, पहाटेच, हाताला फडकी गुंडाळून झाडे उपटायची, आणि ऊन चढले की काम थांबवायचे, अशी रीत होती. मजूर दुसरीकडे मिळेल ते काम पत्करतील पण करडईत येणार नाहीत, अशी स्थिती आल्यावर पीक मागे पडले, आणि त्याला बाजारभावाइतकेच हे काटेही कारण होते. नारीने बिनकाटेरी वाणांवर काम करून नारी-६ हा वाण आणि नारी-एनएच-१ हा बिनकाटेरी संकर दिला. काटे गेल्याने काढणी सुसह्य झालीच, शिवाय पाकळ्या वेचणे शक्य झाले. या पाकळ्यांना रंगासाठी आणि औषधी चहासाठी मागणी असते. उत्पादनाचा आकडा वाढवणे हेच संशोधनाचे एकमेव ध्येय मानणाऱ्याला काटा हा प्रश्नच वाटला नसता. तो प्रश्न काढणाऱ्याच्या हाताला असतो, आणि तिथून संशोधनाचा विषय उचलला गेला, हे या कामाचे खरे वैशिष्ट्य आहे.

येथे सरळ वाण आणि संकर यांतील व्यापारी फरक समजून घेणे आवश्यक आहे. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो आणि वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१, हा त्याचा हक्क मान्य करतो. संकर म्हणजे दोन वेगळ्या वंशांच्या मीलनाची पहिली पिढी. तिचे बी पुन्हा पेरले तर गुण विखुरतात, म्हणून संकराचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. ते तयार करणेही खर्चिक असते. करडईच्या सुरुवातीच्या संकरांत जनुकीय नरवंध्यत्व वापरले गेले, ज्यात मादी ओळींतील जवळजवळ निम्मी झाडे परागक्षम निघतात आणि ती फुलोऱ्याच्या ऐन वेळी माणसे लावून एकेक ओळखून उपटावी लागतात. त्यात कुचराई झाली तर सारा माल भेसळीचा ठरतो. तरीही बियाणे उद्योगाचा ओढा संकराकडे असतो, कारण गिऱ्हाईक दरवर्षी परत येते. निंबकरांनी हा व्यापार नाकारला नाही, पण ज्या वाणाने गिऱ्हाईक एकदाच येईल अशा वाणावरचे कामही सोडले नाही.

हीच गोष्ट मेंढ्यांच्या कामात टोकाला गेलेली दिसते, आणि ते निंबकर परिवाराच्या संशोधनातले सर्वांत समृद्ध प्रकरण आहे. दख्खनी मेंढी काटक, दूरवर चालणारी, पण एका वेतात बहुधा एकच कोकरू देणारी. घोंगडीची मागणी घटली तसे लोकरीचे उत्पन्न आटले आणि मेंढपाळाचा संसार विकल्या जाणाऱ्या कोकरांवर आला. कोकरे वाढवायची तर मेंढ्या वाढवाव्या लागतात, आणि चराऊ राने तर दरवर्षी कमी होत आहेत. बंगालच्या सुंदरबनातील गारोळ ही ठेंगणी मेंढी मात्र जुळी-तिळी देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांतूनच तिथल्या ‘बुरूला’ मेरिनोंमध्ये ही बहुप्रसवता आली असावी, असा तर्क अभ्यासक करत होते. २००१ मध्ये या गुणाला कारण असलेला जनुकीय बदल सापडला. त्याला फेक-बी म्हणतात. लगोलग तोच बदल गारोळमध्येही आढळला.

१९९० च्या दशकात फलटणला गारोळ आणून दख्खनी आणि कर्नाटकातील बन्नूर मेंढ्यांशी संकर सुरू झाले होते. निंबकरांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने हे काम पुढे नेले. अडचण अशी होती की मेंढा स्वतः वीत नाही. त्याच्यात जुळ्यांचा गुण आहे की नाही हे त्याच्या मुली मोठ्या होऊन व्यायल्यावरच कळणार, म्हणजे दोनेक वर्षांनी. रक्ताच्या थेंबावर होणारी जनुकचाचणी आल्यावर कोवळ्या कोकरातच फेक-बीच्या दोन प्रती, एक किंवा एकही नाही हे सांगता येऊ लागले. दोन प्रती असलेला मेंढा कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते, आणि एका प्रतीने मेंढीचे वेत सरासरी दीड कोकरांच्या आसपास जाते. पिशवीतल्या दाण्यासारखाच मेंढ्याचाही अदृश्य गुण आता पुराव्यानिशी विकता येऊ लागला. प्रयोगशाळा आणि बाजार यांची एवढी नेमकी गाठ क्वचितच पडते.

पण गारोळसोबत तिचा ठेंगणेपणाही आला, आणि मेंढपाळाला लहान चणीचे जनावर नको असते. म्हणून दर पिढीत जनुक तपासत पुन्हा पुन्हा दख्खनी रक्त मिसळावे लागले. या दीर्घ निवडीतून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी आकाराला आली. पुढचा प्रश्न वाड्यावरचा होता. वाडा म्हणजे मेंढरांसह हिंडणारी धनगरांची वस्ती. रात्री वाघर, म्हणजे जाळे, लावून कळप कोंडायचा आणि सकाळी नवजात कोकरे घोड्यावर लादून पुढचा मुक्काम गाठायचा. जुळी कोकरे वजनाला हलकी असतात आणि एका आईचे दूध दोघांना पुरत नाही. तिला पेंड, मका असा खुराक लागतो आणि कोकरांना काही दिवस वरचे दूध. जनुक दिला आणि हे शिकवले नाही तर दुसरे कोकरू जन्मते आणि मरते. म्हणून मेंढपाळांच्याच कळपांत नोंदी ठेवणे, लसीकरण आणि सल्ला हा विक्रीचाच भाग मानला गेला.

आर्थिक दृष्टीने हा धंदा उलट्या दिशेचा आहे. एकदा मेंढा गेला की जनुक कळपात स्वतःच पसरतो, गिऱ्हाईक पुन्हा यायचे कारण उरत नाही. त्यात मेंढीच्या गर्भाशयमुखाच्या नागमोडी रचनेमुळे गोठवलेल्या रेताचे साधे कृत्रिम रेतन गायीइतके यशस्वी होत नाही, त्यामुळे जिवंत मेंढेच पुरवावे लागतात आणि प्रसाराचा वेग मर्यादित राहतो. खासगी भांडवल अशा कामाकडे वळत नाही यात नवल नाही. पण त्यामुळेच ते सार्वजनिक पैशाने व्हायला हवे, हा निष्कर्ष अटळ आहे. पन्नासहून अधिक वर्षे एका तालुक्यात राहून फलटणच्या संस्थेने जे करून दाखवले, ते राज्यातील चारही कृषी विद्यापीठांना आणि पशुसंवर्धन विभागाला त्यांच्या मनुष्यबळात अशक्य नाही. त्यांनी आपल्या अहवालांत जन्मलेल्या कोकरांचा आकडा देऊन थांबू नये. तीन महिन्यांनी मेंढपाळाच्या हाती विकायला किती उरली, तो आकडा आधी छापावा.